शैवालांचा बहर विषाणूंनी मारला, हे ठरवतात कसे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर अटलांटिक महासागरात सूक्ष्मशैवालांचा बहर उपग्रहाच्या छायाचित्रांत दुधाळ, फिरोजी रंगाच्या पट्ट्यासारखा दिसतो आणि काही आठवड्यांत नाहीसा होतो. तो विषाणूंमुळे संपला, असे वाचनात येते. पण एवढ्या अफाट पाण्यात मारेकरी विषाणूच होता हे कशावरून? शैवालांना लागणारी पोषणद्रव्ये संपली असतील किंवा सूक्ष्म प्राण्यांनी शैवाले खाऊन टाकली असतील, असे का म्हणू नये? आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर अधूनमधून दिसणाऱ्या रंगीत पाण्यालाही हेच कारण लावता येईल का?

ही शंका रास्त आहे, आणि या विषयात काम करणाऱ्यांनी ती स्वतःला पुरेशा वेळा विचारलेली नाही, असे माझे मत आहे. समुद्री शैवालांची कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले साठे, सांभाळण्यात आणि त्यांच्यातले विषाणू वेगळे करण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवातून एवढे नक्की सांगता येते की ‘पाण्यात विषाणू सापडले’ आणि ‘विषाणूंनी बहर मारला’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. पहिले विधान करायला एक दिवस पुरतो. दुसरे करायला अनेक प्रयोगशाळांची कित्येक वर्षे लागली, आणि तेही मोजक्याच शैवालांच्या बाबतीत साधले.

पहिले विधान सोपे का, ते आधी पाहू. समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटी विषाणुकण असतात. ही संख्या १९८९ पर्यंत कोणाच्या ध्यानात आली नव्हती. त्या वर्षी नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी नैसर्गिक पाण्यातले कण अतिवेगवान अपकेंद्रकात खाली बसवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, आणि आधीच्या अंदाजांपेक्षा कित्येक पटींनी मोठे आकडे हाती आले. मात्र त्यांतले बहुसंख्य विषाणू जीवाणूंवर जगणारे, म्हणजे जीवाणुभक्षी असतात. त्यामुळे मरत्या बहराच्या पाण्यात विषाणू दिसले, यावरून त्या शैवालांबद्दल काहीच कळत नाही, कारण ते नेहमीच दिसतात. शैवाले मरू लागली की त्यांच्यातून झिरपणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर जीवाणू वाढतात, आणि जीवाणू वाढले की त्यांचे विषाणूही वाढतात. म्हणजे विषाणूंची वाढ हा शैवालांच्या मृत्यूचा परिणामही असू शकतो. कारण आणि परिणाम यांची ही गल्लत आजही काही शोधनिबंधांत आढळते.

समुद्री सूक्ष्मशैवालावरचा विषाणू प्रयोगशाळेत प्रथम हाती लागला तो कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात. मायक्रोमोनास पुसिला हे दोन मायक्रोमीटरहून लहान आकाराचे, एका कशाभिकेने (शेपटीसारख्या धाग्याने) पोहणारे हिरवे शैवाल आहे. त्याला फोडणाऱ्या विषाणूचे वर्णन १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे दहा वर्षे त्याकडे एक चमत्कारिक अपवाद म्हणून पाहिले गेले. १९९० मध्ये कर्टिस सटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्राच्या पाण्यातले विषाणूंच्या आकाराचे कण एकत्र करून ते शैवालांत मिसळले, तेव्हा प्रकाशसंश्लेषणातून होणारे उत्पादन ७८ टक्क्यांपर्यंत घटल्याचे दिसले. त्यानंतर मात्र हा विषय टाळणे कोणाला शक्य राहिले नाही. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा भाग समुद्रातले हे डोळ्यांना न दिसणारे जीव करतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ७८ टक्क्यांचे वजन कळते.

आता मूळ प्रश्नातल्या दुधाळ पट्ट्याकडे येतो. तो पट्टा एमिलियानिया हक्सलेयी नावाच्या शैवालाचा असतो. (वर्गीकरणकारांनी अलीकडे त्याला जेफिरोकॅप्सा या प्रजातीत हलवले आहे, प्रयोगशाळांत अजून जुनेच नाव चालते आणि मीही तेच वापरते.) ही पेशी जेमतेम पाच मायक्रोमीटरची असते. तिच्या अंगावर चाकाच्या आकाराच्या, कॅल्शियम कार्बोनेटच्या नाजूक चकत्या बसवलेल्या असतात. त्यांना कॉकोलिथ म्हणतात. हा शब्द थॉमस हक्सली यांनी १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाचा गाळ तपासताना वापरला, आणि गंमत म्हणजे त्या चकत्या सजीवांनी बनवलेल्या असतील असे त्यांना तेव्हा वाटले नव्हते. बहर ऐन भरात आला की लिटरभर पाण्यात या पेशी दहा लाखांहून पुष्कळ अधिक असतात. त्यांच्या अंगावरून सुटलेल्या चकत्या प्रकाश परावर्तित करतात आणि पाणी खडूची निवळी ओतल्यासारखे दिसते. उपग्रहाला दिसतात त्या मुख्यत्वे या सुट्या चकत्या. त्यामुळे चित्रात पट्टा सर्वांत तेजस्वी दिसतो तेव्हा पुष्कळदा बहर उताराला लागलेला असतो. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

या शैवालाबाबत पुराव्याची पहिली कडी नॉर्वेत जुळली. बर्गनजवळच्या राउनेफ्योर्ड या खाडीत पॉलिथिनच्या प्रचंड पिशव्या पाण्यात तरंगत्या सोडतात, त्यांत खाडीचेच पाणी भरतात आणि नायट्रेट व फॉस्फेट ठरावीक प्रमाणात घालून आत बहर घडवून आणतात. एकाच पाण्याचे पाच-सात निरनिराळे ‘समुद्र’ शेजारी शेजारी ठेवून पाहता येणे, हा या पद्धतीचा मोठा फायदा. ब्रॅटबाक, एग्गे आणि हेल्डाल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एमिलियानियाचा बहर कोसळताना विशिष्ट आकाराचे मोठे विषाणुकण एकाएकी वाढलेले दिसले. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, तिची दखल फारशी घेतली जात नाही : ज्या पिशव्यांत फॉस्फेटचा तुटवडा होता, तिथे विषाणूंची निर्मिती कमी झाली. विषाणू म्हणजे मुख्यतः न्यूक्लिइक आम्ल आणि प्रथिने, आणि न्यूक्लिइक आम्लाला फॉस्फरस लागतो. उपाशी यजमानाच्या घरी पाहुण्याचीही आबाळच होणार. पोषणद्रव्ये संपणे आणि विषाणूंचा संसर्ग ही दोन कारणे आपण एकमेकांसमोर उभी करतो, पण पाण्यात ती अशी एकमेकांत गुंतलेली असतात.

दुसरी कडी म्हणजे विषाणू वेगळा करणे. जुलै १९९९ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ, प्लिमथपासून जवळ, असाच बहर आला होता. उपग्रहचित्र पाहून संशोधक बोटीने तिथे गेले आणि त्या पाण्यातून त्यांनी एमिलियानियाला मारणारे अनेक विषाणू मिळवले. त्यांपैकी ‘ईएचव्ही-८६’ (एमिलियानिया हक्सलेयी व्हायरस या नावाचे लघुरूप) हा पुढे या क्षेत्रातला प्रमाण विषाणू ठरला. वेगळा करण्याची रीत ऐकायला साधी आहे. मरत्या बहराचे पाणी गाळायचे, म्हणजे पेशी, जीवाणूंचा मोठा भाग आणि भक्षक प्राणी मागे राहतात. गाळलेले पाणी निरोगी, जोमाने वाढणाऱ्या कल्चरमध्ये घालायचे. ते कल्चर फिके पडले की पुन्हा गाळायचे आणि ताज्या कल्चरमध्ये घालायचे. दर खेपेला शैवाल मरत राहिले, तर मारणारी गोष्ट स्वतः वाढणारी आहे असे सिद्ध होते, कारण एखादे विष प्रत्येक वेळी विरळ होत जाऊन निष्प्रभ झाले असते. मग अतिशय विरळ करून एकाच कणापासून वाढलेला शुद्ध वंश मिळवायचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तोच कण पेशीच्या आत तयार होताना पाहायचा, आणि तोच पुन्हा निरोगी पेशींना देऊन तीच लक्षणे दिसतात का ते तपासायचे. रोगजंतू सिद्ध करण्याची रॉबर्ट कॉख यांची जुनी शिस्तच ही.

गाळणीविषयी एक अनुभव इथे सांगितला पाहिजे, कारण नवशिके इथेच फसतात आणि मीही फसले होते. विषाणू गाळायचे म्हटले की हात आपसूक ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीकडे जातो. पण एमिलियानियाचा विषाणू १७० ते २०० नॅनोमीटर व्यासाचा, म्हणजे जवळजवळ त्या छिद्राएवढाच असतो, आणि त्यातला बराच भाग गाळणीवरच अडकतो. सुरुवातीला माझे लायसेट, म्हणजे फुटलेल्या पेशींचे विषाणूयुक्त पाणी, एकामागून एक निष्प्रभ निघत होते आणि मी यजमान शैवालाच्या प्रतिकारशक्तीबद्दल तर्क लढवत बसले होते; दोष केवळ गाळणीचा होता. ०.४५ मायक्रोमीटरची गाळणी वापरली की विषाणू पार होतात, मात्र काही जीवाणूही होतात, म्हणून जीवाणूंचा परिणाम वेगळा तपासणारे तुलनेचे कल्चर ठेवावे लागते. कित्येक वर्षे जगभर ‘विषाणू’ म्हणून जे मोजले गेले ते ०.२ मायक्रोमीटरमधून पार झालेले होते, आणि शैवालांचे महाकाय विषाणू त्या मोजणीतून बाहेरच राहिले.

ईएचव्ही-८६ चा संपूर्ण जीनोम २००५ मध्ये वाचला गेला. तो ४,०७,३३९ बेस-जोड्यांचा आहे आणि त्यात प्रथिनांसाठीची अंदाजे ४७२ जनुके आहेत. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचा जीनोम साधारण साडेतेरा हजार बेसचा असतो, हे आठवले तर फरकाची कल्पना येईल. या यादीत एक अनपेक्षित गोष्ट होती : स्फिंगोलिपिड नावाचे मेद बनवण्याची जनुके. विषाणूला मेद बनवण्याचा कारखाना कशासाठी हवा? उत्तर मिळायला आणखी चार वर्षे लागली. संसर्ग झालेल्या पेशीत विषाणूची ही जनुके कामाला लागतात आणि एक वेगळ्याच घडणीचे ग्लायकोस्फिंगोलिपिड, म्हणजे साखर जोडलेले स्फिंगोलिपिड, तयार होते. ते विषाणूच्या पटलात वापरले जाते, आणि पुरेसे साठले की यजमान पेशीची स्वतःची आत्मनाशाची यंत्रणा सुरू करते. ऑक्सिजनची तीव्र संयुगे वाढतात, मेटाकॅस्पेज ही प्रथिने तोडणारी विकरे जागी होतात, आणि पेशी नियोजित पद्धतीने मरते. सर्वसाधारण समजूत अशी की पेशीचा आत्मनाश हा विषाणूविरुद्धचा बचाव असतो, कारण घर जाळले की चोरालाही काही मिळत नाही. इथे मात्र चोरच ती आग आपल्या सोयीच्या वेळी लावतो. हीच मेद बनवणारी जनुके यजमानाच्या जीनोममध्येही आहेत, आणि जनुकांच्या तुलनेवरून ती कधीतरी यजमान आणि विषाणू यांच्यात हस्तांतरित झाली असावीत असे दिसते.

या रसायनामुळे पुराव्याची तिसरी कडी हाती आली, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ते ग्लायकोस्फिंगोलिपिड निरोगी पेशीत नसते आणि सुट्या जीवाणुभक्षी विषाणूंतही नसते. समुद्राच्या पाण्यातले कण गाळणीवर गोळा करून त्यात हा मेद सापडला, तर त्याचा अर्थ ‘आसपास विषाणू आहेत’ एवढाच राहत नाही. ‘एमिलियानियाच्या पेशींत या क्षणी संसर्ग चालू आहे’ असा होतो. २०१२ च्या उन्हाळ्यात अझोर्स बेटांपासून आइसलँडपर्यंत गेलेल्या सफरीत संशोधकांनी उपग्रहाच्या आधाराने बहर गाठले, आणि असे मेद, विषाणूंची जनुके व पेशींची संख्या सगळे एकत्र मोजले. त्याच सफरीतल्या एका बहराचे काम विशेष नमूद करण्यासारखे आहे. समुद्रातले पाणी वाहते, मिसळते, पसरते. त्यामुळे एका जागी हरितद्रव्य कमी झाले तर शैवाल मेले की नुसते वाहून गेले, हे सांगता येत नाही. तो बहर समुद्राच्या एका भोवऱ्यात सापडला होता, आणि उपग्रहावरून काढलेल्या प्रवाहांच्या हिशोबाने मिसळणीचा भाग वजा करून निव्वळ जैविक घट वेगळी काढता आली. बहर काही दिवसांतच ओसरला आणि त्या पाण्यात संसर्गाच्या खुणा होत्या. मूळ प्रश्नातल्या ‘एवढ्या अफाट पाण्यात’ या शब्दांना मिळालेले सर्वांत सरळ उत्तर मला तरी हेच वाटते.

आता भक्षकांचा मुद्दा. शैवाल खाणारे एकपेशीय प्राणी बहरात नेहमी हजर असतात आणि त्यांचा वाटा मोठा असतो, याबद्दल वाद नाही. भक्षक आणि विषाणू यांचा वाटा वेगवेगळा काढण्यासाठी विरलीकरणाची पद्धत वापरतात. नमुन्यात गाळलेले पाणी वाढत्या प्रमाणात मिसळत गेले की भक्षक आणि शैवाल यांची गाठ पडण्याची शक्यता कमी होत जाते, आणि शैवालांच्या वाढीचा दर जितका सुधारेल तितका भक्षकांचा फटका होता असे अनुमान निघते. याच प्रयोगाची दुसरी मालिका अशा पाण्याने करतात की ज्यातून अतिसूक्ष्म गाळणीने विषाणूही काढून टाकलेले असतात. दोन मालिकांतला फरक तो विषाणूंचा वाटा. कागदावर हे फार देखणे आहे. प्रत्यक्षात चोवीस तासांच्या प्रयोगात दिसतात ते फक्त प्रयोगादरम्यान नव्याने झालेले आणि त्याच मुदतीत पूर्ण झालेले संसर्ग. एमिलियानियाच्या एका नॉर्वेजियन विषाणूला पेशीत शिरल्यापासून नवे विषाणू बाहेर पडेपर्यंत १२ ते १४ तास लागतात आणि एका पेशीतून ४०० ते १००० नवे कण निघतात, तेव्हा तिथे ही पद्धत कशीबशी बसते. संसर्गाला दोन दिवस घेणाऱ्या विषाणूंबाबत ती शून्याजवळचे आकडे देते, आणि त्या शून्याचा अर्थ ‘विषाणूंचा वाटा नाही’ असा लावला जातो. असे निष्कर्ष वाचताना संसर्गाला लागणारा वेळ कुठे दिला आहे का, ते मी आधी शोधते.

इथे आणखी एक अडचण येते, आणि ती प्रश्नकर्त्याच्या बाजूची आहे. अलीकडे एकेका पेशीतले विषाणूचे आरएनए रंगवून पाहण्याची सोय झाली, तेव्हा कोसळणाऱ्या बहरातही कोणत्याही एका वेळी पेशींचा थोडाच हिस्सा सक्रिय संसर्गाखाली असल्याचे दिसले. संसर्ग झालेल्या, न झालेल्या आणि इतर कारणांनी मरणाऱ्या पेशी शेजारी शेजारी असतात. म्हणून ‘विषाणूंनी बहर मारला’ हे वाक्य मी स्वतः असे लिहीन : विषाणूंनी बहराचा कल फिरवला, आणि उरलेले काम अनेकांनी मिळून केले. संसर्गाने कमकुवत झालेल्या आणि चिकट झालेल्या पेशी एकमेकींना चिकटून गोळे होतात, ते गोळे चुनखडीच्या चकत्यांच्या वजनाने खाली जातात, काही वाटेत खाल्ले जातात. पेशी फुटून तिच्यातला कार्बन वरच्या थरातल्या जीवाणूंना मिळतो की गोळ्यांतून खोल पाण्यात उतरतो, हा या क्षेत्रातला आजचा सर्वांत मोठा वाद आहे. पूर्वी सगळे पहिल्या बाजूचे होते. २०१२ च्या सफरीतल्या नमुन्यांनी दुसऱ्या बाजूला वजन दिले : संसर्गाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहरांतून कार्बन अधिक खाली उतरताना दिसला.

मग विषाणू एवढे प्रभावी असतील तर हे शैवाल उरलेच कसे? एक कारण निव्वळ गणिताचे आहे. विषाणूला पोहता येत नाही. तो पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत पेशीला आदळतो. पेशी विरळ असतील तर भेट होण्याआधीच तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी निकामी होतो. म्हणून दाट बहरच त्याच्या तावडीत सापडतो, आणि बहर विरळ झाला की साथ आपोआप मंदावते. दुसरे कारण अधिक रंजक आहे. एमिलियानियाच्या जीवनचक्रात चकत्या असलेली द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) अवस्था असते, तशीच एकगुणित (एकच संच असलेली) अवस्थाही असते. हिच्या अंगावर चुनखडीच्या चकत्या नसतात आणि ती कशाभिकांनी पोहते. २००८ मध्ये असे दिसून आले की एकगुणित पेशींना हे विषाणू बाधतच नाहीत. म्हणजे साथ आली की वंशाचा एक भाग रूपच बदलून विषाणूच्या दृष्टीने अदृश्य होतो. दोघांचे हे नाते जुने आहे : काळ्या समुद्राच्या तळाशी, जिथे ऑक्सिजन नसल्याने डीएनए टिकून राहतो, तिथल्या गाळाच्या थरांत या शैवालाचे आणि त्याच्या विषाणूंचे डीएनए गेल्या सात हजार वर्षांपर्यंत मागे सापडले आहे.

एमिलियानियाबाहेर ही साखळी इतकी पूर्ण क्वचितच सापडते. सर्वांत चांगले काम जपानमध्ये झाले, आणि ते पोटाच्या प्रश्नातून झाले. हेटरोसिग्मा आकाशिवो या शैवालाच्या लाल भरतीने, म्हणजे पाणी तांबूस करणाऱ्या बहराने, तिथली मत्स्यशेती पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त होत असे. केइझो नागासाकी आणि सहकाऱ्यांना १९९० च्या दशकात हिरोशिमाच्या उपसागरात लाल भरती ओसरताना त्या पेशींच्या आत विषाणुसदृश कण दिसले, आणि पुढे तो विषाणू वेगळाही केला गेला. हेटरोकॅप्सा सर्क्युलॅरिस्क्वामा हे दुसरे शैवाल शिंपल्यांना मारते, त्यामुळे मोत्यांच्या शेतीला त्याची दहशत आहे. त्याचा विषाणू अगदी निराळा निघाला : तीस नॅनोमीटरचा, आणि डीएनएऐवजी आरएनएचा. त्याचे दोन गट आहेत, आणि एक गट शैवालाच्या ज्या वाणांना मारतो त्यांना दुसरा स्पर्शही करत नाही. लाल भरतीवर विषाणूची फवारणी करावी अशी सूचना कोणी उत्साहाने मांडतो, तेव्हा मी हे उदाहरण देते. बहरात वाण अनेक असतात. एक वाण मारला की दुसऱ्याला मोकळी जागा मिळते.

याच ठिकाणी मोजणीच्या यंत्राबद्दल सावध करते. फ्लो सायटोमीटर या, कण एकेक करून प्रकाशासमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्रात विषाणूंचे डीएनए सायबर ग्रीनसारख्या रंगद्रव्याने चमकवून मोजतात. एमिलियानियाच्या विषाणूचा जीनोम मोठा असल्याने तो जीवाणुभक्षींपासून वेगळा, स्पष्ट ठिपक्यांचा पुंजका म्हणून दिसतो आणि काम सोपे होते. आरएनएचे तीस-चाळीस नॅनोमीटरचे विषाणू या यंत्राला जवळजवळ दिसतच नाहीत. डायटम या काचेच्या कवचाच्या शैवालांचे आजवर हाती आलेले विषाणू बहुतेक असेच बारीक, आरएनएचे किंवा एकेरी डीएनएचे आहेत. म्हणजे ज्या गटाचा समुद्रातल्या उत्पादनात सर्वांत मोठा वाटा आहे, त्याचे विषाणू आपल्या नेहमीच्या मोजणीत येत नाहीत.

आता आपल्या किनाऱ्याविषयी. इथे मला हात आखडता घ्यावा लागतो. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर रात्री निळसर चमकणाऱ्या लाटा आणि दिवसा तांबूस दिसणारे पाणी हे पुष्कळदा नॉक्टिल्युका सिंटिलान्स या एकपेशीय जीवाचे असते. याचा लाल प्रकार प्रकाशसंश्लेषण करत नाही, तो इतर शैवाले खाऊन जगतो; उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरणाऱ्या हिरव्या प्रकाराच्या पोटात मात्र हिरवी सहजीवी शैवाले असतात. खाद्य संपणे, वारा फिरणे, पाण्याचे थर ढवळले जाणे यांनीही असे बहर ओसरतात, आणि एमिलियानियाची गोष्ट त्यांना जशीच्या तशी लावणे चूक ठरेल. उन्हाळ्याच्या तोंडावर पश्चिम किनाऱ्याजवळ लाकडाच्या भुशासारखा तरंगणारा ट्रायकोडेस्मियम हा नीलहरित जीवाणू आहे; त्याच्यावरचे विषाणू जीवाणुभक्षींच्या कुळातले असतील, शैवालांच्या महाकाय विषाणूंच्या नव्हे.

कोळंबीच्या हॅचरीत काम करणारेही मला हाच प्रश्न वेगळ्या रूपात विचारतात : किटोसिरॉसची (कोळंबीच्या पिल्लांना खाऊ घालायच्या डायटमची) टाकी संध्याकाळी गडद तपकिरी होती आणि सकाळी पाणी निवळून तळाशी गाळ बसला, हा विषाणू का? किटोसिरॉसचे विषाणू आहेत, ते जपानमध्ये वेगळे केलेले आहेत, तेव्हा शक्यता नाकारता येत नाही. पण मी आधी डायटमच्या कवचाला लागणारे सिलिकेट संपले का ते विचारते, मग थेंबभर पाणी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यात पळणारे सिलिएट (शैवाल खाणारे एकपेशीय प्राणी) दिसतात का ते पाहायला सांगते. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळते. दोन्ही नसतील, तर त्या टाकीचे पाणी गाळून दोन ताज्या बाटल्यांत घालायचे, त्यांपैकी एका बाटलीसाठीचे गाळलेले पाणी आधी उकळून थंड करून घ्यायचे. न उकळलेली बाटली कोसळली आणि उकळलेली तगली, तर विषाणूचा संशय धरायला जागा आहे. तरीही गाळणीतून आलेल्या जीवाणूंचा हात नाही ना, हे पाहण्यासाठी आणखी एक फेरी अधिक बारीक गाळणीने करावी; डायटमचे विषाणू लहान असल्याने ०.२ मायक्रोमीटरची गाळणी तिथे बेलाशक चालते.

समुद्रातल्या बहराचा नमुना घेणार असाल, तर पाण्याचे दोन भाग करावेत. मोजणीच्या भागात अर्धा टक्का ग्लुटराल्डिहाइड घालून अर्धा तास थंडीत ठेवावे आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावे. नुसत्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या नमुन्यातली विषाणूंची संख्या दिवसागणिक घटत जाते. दुसरा भाग काहीही न मिसळता, अंधारात, चार अंश सेल्सियसला ठेवून लवकरात लवकर जिवंत कल्चरवर वापरावा, आणि ते कल्चर त्याच पाण्यातून, त्याच मोसमात वेगळे केलेले असले तर उत्तमच. आणि पहिला नमुना पाणी रंगू लागते तेव्हाच घ्यावा, नंतर रोज एक. माझ्याकडे येणाऱ्या दहा बाटल्यांपैकी नऊ पाणी सर्वांत रंगीत असतानाच्या किंवा निवळल्यानंतरच्या असतात, आणि त्यांत पाहायची गोष्ट आधीच होऊन गेलेली असते.